खिडकी नेमकी कुठल्या अंगाची

"इमानातनं आपलं रान दिसणार असंल तर मी येते. न्हायतर तुमी एकटं जावा," असं म्हणून प्रयागबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि मोहनरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

हैदराबादला रेश्माला दुसरी मुलगी झाली होती. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटल्यामुळे बाळंतपण तिकडेच झालं, बारसंही तिकडेच ठरलं, आणि जावईबापूंनी सासूसासऱ्यांची विमानाची तिकिटं काढून पाठवली. निमगाव केतकीच्या त्या वस्तीवरून विमान रोज जाताना दिसायचं, पण त्यात बसायची पाळी कधी कुणावर आली नव्हती. मोहनरावांनी दोन दिवसांत ही बातमी स्टँडपासून बाजारतळापर्यंत पोचवली होती. बारशाला जायचं आणि पंधरा दिवस नातीला मांडीवर घेऊन बसायचं, असा त्यांचा बेत होता. थोरल्या नातीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालत होती आणि त्यांना बघून भोकाड पसरून पळाली होती. ही चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती.

अडचण डाळिंबाची होती. बाग फुगवणीला आली होती. या दिवसांत पाणी एकदा जास्त आणि एकदा कमी झालं की फळ झाडावरच तडकतं, आणि तडकलेल्या फळाकडे व्यापारी ढुंकून बघत नाही. म्हणजे काम काही अवघड नव्हतं. ठिबकचं पाणी ठरल्या वेळी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं. पण ते करणार होते सर्जेराव, मोहनरावांचे धाकटे भाऊ. सर्जेराव माणूस सोन्यासारखा. नुसता एक शब्द त्यांच्या तोंडात वाईट होता, तो म्हणजे "आलोच". पाणी सोडून "आलोच" म्हणून ते जे जायचे, ते शेजारच्या कळस गावात कुणाचा तरी बैल बघून, निमगावात दोन ठिकाणी चहा पिऊन दिवस कलल्यावर उगवायचे.

"भावजी डोळ्याखाली असलं का सरळ चालत्यात," प्रयागबाई म्हणाल्या. "डोळ्याआड झालं का संपलं. मला जाताना एकदा वरनं बघू द्या. पाणी चालू हाय का, माणूस रानात हाय का. तेवढं दिसलं तर मी म्हणाल तेवढं दिवस राहीन. न्हाय दिसलं तर बारसं झाल्या झाल्या माघारी."

"दिसंल की! न दिसायला काय झालं?" मोहनराव म्हणाले, आणि अडकले.

आता मोहनरावांना प्रवासातलं काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. एसटीत सावलीची बाजू धरण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. गाडी फलाटाला लागली की ते आधी आभाळाकडे बघायचे, मग रस्त्याची वळणं मनात मोजायचे आणि नेमके अशा बाकावर बसायचे की बारामतीपर्यंत अंगावर उन्हाची तिरीप पडायची नाही. जाणती माणसं ते बसेपर्यंत थांबायची आणि मग त्यांच्या मागच्या बाकावर जागा धरायची. एकदा एका नव्या कंडक्टरने त्यांना मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसवलं, तर गाडीतली अर्धी माणसं उठून तिकडे गेली होती.

पण एसटीला रस्ता असतो. विमानाचं काय करायचं?

सुनेला फोन लावला. सून राजनंदिनी बारामतीत बँकेत होती, आणि तिकिटावरच्या जागा मोबाइलवरून तीच निवडणार होती. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "नाना, उजवी खिडकी. मी घेऊन टाकते."

"थांब!" मोहनराव म्हणाले. "एवढ्या घाईनं काम व्हत न्हाय." इतक्या सोप्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. ते उठून स्टँडवर दत्तोबांकडे गेले.

दत्तोबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. रस्त्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो सरकवत म्हणाले, "ह्यो पुण्यातनं निघाला. सोलापूर रोड धरला. भिगवण सोडलं. आता आपलं निमगाव कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग झालं तर. उजवी खिडकी."

"पण इमान सोलापूर रोडनं जातंय का?"

दत्तोबांनी कप उचलून एक घोट घेतला. हा प्रश्न त्यांना नोकरीत कधी पडला नव्हता.

तेवढ्यात सर्जेराव आले. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि हसले. "दादा, ह्यात काय इचार करायचा? आपलं रान डाव्या कालव्यावर हाय. मग दिसंल ते डावीकडनंच की!"

मोहनरावांना हे एकदम पटलं. सरकारने उगाच डावा म्हटलं नसणार. त्यांनी तिथूनच राजनंदिनीला फोन करून डावी खिडकी घ्यायला सांगितली. फोन ठेवल्यावर दत्तोबा म्हणाले, "पण नाना, कालवा डावा म्हणत्यात त्यो नदीच्या हिशोबानं. नदी खाली जाती तिकडं तोंड करून उभं राहायचं, मग डावा."

"मग इमान नदीसंगं जातंय का नदीच्या उलट?"

मोहनरावांनी पुन्हा फोन करून उजवी खिडकी सांगितली. राजनंदिनी तेव्हा कुणाच्या तरी कर्जाचे कागद तपासत होती. ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष विमान बघायचं ठरलं. मोहनराव, प्रयागबाई आणि सर्जेराव शेततळ्याच्या कडेला उभे राहिले. लांबवर, उजनीच्या पाण्याच्या अंगाला, एक विमान उगवतीकडे चाललेलं दिसलं.

"बघा!" मोहनराव उगवतीकडे तोंड करून ओरडले. "इमान माझ्या डाव्या हाताला हाय! म्हंजी डावी खिडकी!"

"अवो, इमान तुमच्या डावीकडं हाय, तुमी इमानाच्या डावीकडं न्हाय," प्रयागबाई म्हणाल्या.

"माझ्या तर उजव्या हाताला हाय," सर्जेराव म्हणाले. ते मावळतीकडे तोंड करून उभे होते आणि मान वळवून बघत होते.

मग मोहनरावांनी दोन्ही हात पसरले आणि स्वतःच विमान व्हायचं ठरवलं. बागेच्या कडेने, वरच्या बांधावरून ते उगवतीकडे निघाले. प्रयागबाईंनी सांगायचं होतं की रानाकडे कुठला हात आहे. "उजवा," त्या म्हणाल्या. मोहनराव बांधाच्या टोकाला गेले, खात्री करायला वळले आणि तसेच हात पसरून परत आले. "आता?" "आता डावा." "असं कसं? रान हाललं का?" असं करत त्यांनी चार-पाच खेपा घातल्या. रस्त्याने उसाची ट्रॉली घेऊन चाललेल्या माणसाने ट्रॅक्टर थांबवला आणि सर्जेरावांना खुणेनेच विचारलं की नानांना काय झालंय. सर्जेरावांनी दोन्ही हात वर केले. त्या दिवशी राजनंदिनीला तीन फोन गेले. डावी, उजवी, आणि पुन्हा डावी.

संध्याकाळी ती स्वतःच वस्तीवर आली. तिने मोबाइलवर नकाशा काढून सासऱ्यांच्या हातात दिला. मोहनरावांनी निमगाव आपल्या बाजूला यावं म्हणून मोबाइल फिरवला, तर नकाशाही फिरला. त्यांनी उलटा फिरवला, नकाशा पुन्हा फिरला. मग त्यांनी मोबाइल जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्याच्याभोवती फिरले. राजनंदिनीने कपाळावरचा घाम पुसला.

"नाना, आत्या, ऐका," ती म्हणाली. "सकाळचं विमान आहे. हे दिवस असे आहेत, की सूर्य जरा उजव्या अंगानं वर येतो. रानही उजव्या अंगाला. तेव्हा डावं-उजवं विसरा. ज्या बाजूला ऊन, त्या बाजूला रान. एवढंच ध्यानात ठेवा."

"ज्या बाजूला ऊन, त्या बाजूला रान," मोहनरावांनी घोकलं. उन्हाचं म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा काही समजलं. जन्मभर त्यांनी उन्हाच्या उलट बाजू धरली होती, आता सुलट धरायची.

"आणि भांडण नको म्हणून मी एकेक घेतलीय," राजनंदिनी म्हणाली. "एकाच ओळीत. आत्यांना उजवी खिडकी, तुम्हाला डावी. एकाला तर दिसेल."

आता प्रश्न एवढाच उरला की वरून रान ओळखायचं कसं. डाळिंबाच्या बागा सगळीकडे, शेततळी सगळीकडे. प्रयागबाईंनी पेटीतलं लाल लुगडं काढलं आणि सर्जेरावांच्या हातात दिलं. "भावजी, हे तळ्याच्या कडंला पसरायचं. चारी कोपऱ्याला दगडं ठिवायची. पाणी सोडायचं आणि तितंच बसायचं. मी वरनं बघणार हाय."

"वैनी, तुमी निवांत जावा," सर्जेराव म्हणाले. "मी रानातनं हाललो तर नाव सांगणार न्हाय."

विमानात बसेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. प्रयागबाई उजव्या खिडकीशी बसल्या. त्यांच्या शेजारी कानात काहीतरी घालून लॅपटॉप बडवणारा एक पोरगा होता आणि कडेला एक जाडजूड गृहस्थ, जे बसताक्षणी झोपले. मधल्या वाटेच्या पलीकडे, डाव्या खिडकीशी मोहनराव. पट्टा बांधताना त्यांनी तो धोतराच्या निऱ्यांसकट बांधला होता, त्यामुळे ते जरा ताठ बसले होते.

विमान हळूहळू चालायला लागलं, वळलं, थांबलं, पुन्हा वळलं. आणि मोहनरावांच्या मांडीवर ऊन पडलं.

ज्या बाजूला ऊन, त्या बाजूला रान! त्यांनी मान उंच करून बायकोकडे पाहिलं. प्रयागबाई छान सावलीत बसल्या होत्या.

"अगं ए!" एसटीत मारावी तशी त्यांनी हाक मारली. "तुज्या अंगावर ऊन हाय का?"

"न्हाय!" पलीकडून उत्तर आलं.

"जरासुद्धा न्हाय?"

"न्हाय वो. बरी सावली हाय."

"मग घोटाळा झाला!"

घोटाळा हा शब्द विमानात मोठ्याने उच्चारण्यासारखा नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या चार ओळींतल्या माना एकदम मागे वळल्या. हवाई सुंदरी धावत आली आणि तिने काय झालं म्हणून विचारलं. मोहनराव म्हणाले, "बाय, ऊन हिकडं आलं." तिने हसून त्यांच्या खिडकीची झडप खाली ओढली. त्यांनी ती लगेच वर केली. तिने पुन्हा खाली केली. तेवढ्यात विमान जोराने पळायला लागलं म्हणून ती जागेवर जाऊन बसली, आणि मोहनरावांनी झडप वर केली.

विमान उडालं. पायाखालून पुणं तिरकं झालं. मोहनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. बायकोला शब्द दिला होता, आणि ती चुकीच्या खिडकीशी बसली होती. रान आपल्या बाजूला येणार, आपण बघणार आणि ती बिचारी पलीकडे काहीतरी भलतंच बघत राहणार. त्यांना फार वाईट वाटलं. पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझायची ते वाट बघत राहिले, आणि दिवा विझताच शेजारच्या दोघांच्या गुडघ्यांवरून मधल्या वाटेत उतरले.

"ऊठ, ऊठ लवकर! तू माझ्या जागंवर जा, मी तुज्या जागंवर येतो."

"आता कशापायी?"

"रान तिकडं हाय! ऊन तिकडं हाय ना!"

प्रयागबाई उठल्या. लॅपटॉपवाल्या पोराने कानातलं काढलं, लॅपटॉप मिटला आणि उभा राहिला. जाडजूड गृहस्थांना हलवून उठवावं लागलं. ते "हैदराबाद आलं?" म्हणत वाटेत उभे राहिले आणि पोरगाही बाहेर आला. प्रयागबाई पदर सावरत बाहेर पडल्या. आता एका चिंचोळ्या वाटेत चार माणसं झाली, आणि पुढून खाण्याची गाडी ढकलत हवाई सुंदरी निघाली.

मोहनरावांनी बायकोला डाव्या खिडकीकडे वळवलं आणि ते थबकले. डाव्या खिडकीत ऊन नव्हतं. ऊन उजव्या बाजूला, प्रयागबाईंनी आत्ताच सोडलेल्या रिकाम्या जागेवर झळझळीत पडलं होतं. मावळतीला तोंड करून उडालेलं विमान मघाशीच आभाळात वळलं होतं, आणि वळण कळायला खाली रस्ता नव्हता.

"थांब!" मोहनराव म्हणाले. "ऊन तिकडं गेलं."

"कुठं?"

"तुज्या जागंवर! माघारी चल!"

"अवो, एक काय ते ठरवा!"

त्या माघारी वळल्या. पण मधल्या गोंधळात जाडजूड गृहस्थांनी विचार केला की बाई आता पलीकडे बसणार, तर खिडकी रिकामीच आहे. ते आत सरकून खिडकीशी बसले आणि पुन्हा डोळे मिटले. पोरगा आपल्या जागेवर बसला. खाण्याची गाडी येऊन मोहनरावांच्या पाठीला टेकली. "सर, प्लीज बसून घ्या," हवाई सुंदरी म्हणाली. "कुठं बसू?" मोहनरावांनी विचारलं, आणि तो प्रश्न अगदी खरा होता.

त्याच वेळी वरच्या कर्ण्यातून पायलटचा आवाज आला. उजव्या बाजूच्या प्रवाशांना आत्ता उजनी धरणाचं पाणी दिसतंय, फार सुंदर दृश्य आहे, असं तो म्हणाला.

सगळं विमान उजवीकडे झुकलं. डाव्या बाजूची माणसं उठून वाटेत आली, मोबाइल उंचावले गेले, कुणाचं कोपर मोहनरावांच्या टोपीला लागलं. प्रयागबाईंनी टाचा उंचावल्या. त्यांना दिसली ती एक वेणी, एक टक्कल आणि एका माणसाच्या मोबाइलच्या पाठीमागचं चित्र. ज्याच्या डोळ्यांपुढे खिडकी होती, तो एकटा माणूस झोपला होता.

पाच मिनिटांनी गर्दी पांगली. जाडजूड गृहस्थांना उठवून खिडकी परत मिळवली, तेव्हा खाली तपकिरी रानं पसरली होती.

"हे कुठलं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"सोलापूरकडचं असंल," मोहनराव पडल्या आवाजात म्हणाले.

"मग आपलं?"

"आपलं गेलं."

प्रयागबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. हैदराबादची जमीन दिसायला लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बारसं झालं का सोमवारची गाडी बघा माझ्यापुरती." मोहनरावांना वाटलं, त्यापेक्षा ही भांडली असती तर बरं झालं असतं.

रेश्माच्या घरी पोचल्यावर नात मांडीवर आली. तिने आजोबांचं बोट मुठीत धरलं आणि झोपून गेली. मोहनरावांचे डोळे भरून आले. पंधरा दिवस असंच बसावं, दुसरं काही करू नये, असं त्यांना वाटत होतं. पण समोर प्रयागबाई पिशवी न उघडता बसल्या होत्या.

"सर्जाला फोन तर लाव," मोहनराव हळूच म्हणाले. "आणि दिसलं म्हण. तेवढंच त्याला बरं वाटंल. तुजं लुगडं घेऊन बिचारा बसला आसंल उन्हात."

"मी खोटं बोलणार न्हाय," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"वैनी! पोचला का? लई भारी झालं!" सर्जेराव पलीकडून गरजले. "मग, दिसलं का सगळं?"

"भावजी, लुगडं काय दिसलं न्हाय," प्रयागबाई म्हणाल्या.

पलीकडे पाठीमागे कुठेतरी चहाच्या कपांचा आवाज येत होता, तोही कुणीतरी हात दाखवून थांबवल्यासारखा थांबला.

"दिसलं न्हाय?" सर्जेरावांचा आवाज खाली आला.

"न्हाय."

"तुमी... नीट बघितलंत?"

"मी तर चांगली उभी राहून बघत होते," प्रयागबाई म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"उभी राहून?" सर्जेराव म्हणाले. "वैनी, त्याचं असं झालं. लुगडं मी सकाळी घेतलंच होतं. पण म्हणलं दगडं आणावीत, आणि तेवढ्यात कळसवरनं माणूस आला. बैल बघायला चल म्हणला. मी म्हणलं आलोच. लुगडं पिशवीतच राहिलं."

प्रयागबाईंनी मोहनरावांकडे पाहिलं. मोहनरावांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. दोघांनाही नेमकं काय चाललंय ते कळेना. पण प्रयागबाई आधी सावरल्या.

"आणि?" त्या म्हणाल्या.

"आणि... मोटार बी चालूच राहिली, तेबी दिसलं आसंल."

"आणि?"

"चिंचंकडची नळी निसटली व्हती. तितं तळं झालं. पण ते आज न्हाय वैनी, ते परवाचंच हाय, तुमाला सांगायचं राहिलं."

"व्हय का. आणि?"

"दादाची तण काढायची नवी पास मी शेजारच्या शंभूराजला दिली वापरायला. पण आजच आणतो. वैनी, एवढ्या उंचावरनं पास बी दिसली का?"

प्रयागबाईंनी यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, पुण्याहनं हैदराबादला इमानं तर रोजच जात्यात."

पलीकडून काही तरी धडपडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. सर्जेराव बहुधा रानाकडे पळाले होते.

"पण तू तर माझ्यासंगं मधीच उभी होतीस," मोहनराव म्हणाले. "तुला दिसलं तरी कुठं?"

"न्हायच दिसलं. मी तसंच सांगितलं की."

"मग त्याला कसं कळलं का तुला दिसलं?"

"तेच मलाबी कळंना," असं म्हणत प्रयागबाईंनी पिशवी उघडली, त्यातली धाकटीसाठी शिवलेली गोधडी काढली आणि नात आपल्या मांडीवर घेतली. सोमवारच्या गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मोहनराव मात्र दोन दिवस मधूनच हात पसरून, डोळे मिटून, कोण कुणाच्या कुठल्या अंगाला होतं ते जुळवत होते. जावईबापूंनी रेश्माला बाजूला घेऊन विचारलं, की नानांना विमान बाधलं का.

निमगावच्या बातम्या दत्तोबांकडून कळत राहिल्या. सर्जेराव आता चहाला स्टँडवर येत नव्हते, चहा रानात मागवत होते. रोज सकाळी लाल लुगडं पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवत होते. लांबून विमानाचा आवाज आला, की जिथं असतील तिथून पळत येऊन पास घेऊन तण काढायला वाकत होते आणि विमान दिसेनासं होईपर्यंत पाठ ताठ करत नव्हते. एकदा तर विमान पुण्याकडे परत चाललेलं होतं, तरीही त्यांनी विश्रांती घेतली नाही, कारण वैनी कुठल्या बाजूच्या खिडकीत असतील याचा भरवसा नव्हता.

परतीच्या आधी राजनंदिनीचा फोन आला. "नाना, येतानाच्या खिडक्या निवडायच्या आहेत. आता उलटं होईल. रान डावीकडे येईल."

मोहनराव उठून उभे राहिले आणि हात पसरायला लागले. प्रयागबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "मला वाटंच्या कडंची घे, पाय मोकळं राहत्यात," त्या म्हणाल्या. "ह्यांना कुठलीबी घे. बसल्याव ऊन मोजत्यात न्हायतरी."

"आणि रान बघायचं?"

"पोचल्यावर बघीन की."

येताना प्रयागबाई विमान उडण्याआधीच झोपल्या, आणि पुण्यात उतरताना मोहनरावांनी त्यांना जागं केलं. मोहनराव खिडकीशी होते. पण त्यांच्या खिडकीखाली विमानाचा पंख होता, आणि त्या पंखावर सबंध वाट लख्ख ऊन होतं. बाजू बरोबर आली, म्हणून ते समाधानाने पंखाकडे बघत राहिले.

वस्तीवर पोचले तेव्हा सर्जेराव बागेच्या तोंडाशीच उभे होते. फळं टपोरी फुगली होती, एकही तडकलं नव्हतं. शेततळ्याच्या कडेला लुगडं पसरलेलं होतं, इतक्या दिवसांच्या उन्हाने त्याचा लाल रंग गुलाबी झाला होता. ते बघून प्रयागबाईंना भरून आलं. दिराबद्दल आजवर बोललेलं सगळं मागे घ्यावं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"वैनी!" सर्जेराव मोठ्या उत्साहाने पुढे आले. "आज इमानातनं हात केलात ते दिसलं बरं का! मीबी केला. दिसला ना?"

मोहनरावांनी बायकोकडे पाहिलं. ती तर विमानात वाटेच्या कडेला सबंध वेळ घोरत होती. ते बोलणार एवढ्यात प्रयागबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, आणि बागेवरून, तळ्यावरून, चिंचेकडच्या कोपऱ्यावरून सावकाश नजर फिरवली.

"आणि?" त्या म्हणाल्या.

सर्जेरावांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बांधावर खाली बसले.

"वैनी," ते म्हणाले, "ते एकदाच झालं."